शेवटच्या रांगेपर्यंत

लंडन शहरात केन्सिंग्टन नावाच्या उद्यानाच्या दक्षिणेस तांबड्या विटांची एक प्रचंड गोलाकार इमारत उभी आहे. दुरून पाहणाऱ्याला ती एखाद्या महाकाय डब्यावर काचेचे झाकण ठेवल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दररोज सायंकाळी तिच्या दारांपाशी माणसांची रांग लागते. ह्या रांगेत विद्यार्थी असतात, कारकून असतात, निवृत्त शिक्षक असतात, परगावाहून पाठीवर पिशवी टाकून आलेले तरुणही असतात. त्यांच्याजवळ बसण्याच्या जागेचे तिकीट नसते. दोन-दोन तास उभे राहून जगातील उत्तमोत्तम वाद्यवृंद ऐकण्यासाठी ही मंडळी आलेली असतात. ही इमारत म्हणजे 'रॉयल अल्बर्ट हॉल'. पाच हजारांहून अधिक श्रोते एका वेळी सामावून घेणारे हे सभागृह आज साऱ्या जगात विख्यात आहे. परंतु ते ज्या दिवशी उघडले, त्याच दिवशी त्यातील एक मोठा दोष उघडकीस आला, आणि तो दूर करण्यासाठी पुढे जवळजवळ शंभर वर्षे खपावे लागले.

ह्या वास्तूची कल्पना एका प्रदर्शनातून निघाली. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचे आणि कलाकौशल्याचे एक विराट प्रदर्शन भरले होते. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट हे त्याच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी एक होते. साठ लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले आणि खर्च वजा जाता सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. ह्या पैशातून जवळच जमीन घेण्यात आली. तीवर संग्रहालये, विद्यालये आणि लोकांना एकत्र जमण्यासाठी एक मोठे सभागृह उभारावे, असा अल्बर्टचा विचार होता. परंतु १८६१ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. सभागृह कागदावरच राहिले.

पुढे हेन्री कोल ह्या खटपटी गृहस्थाने ते काम हाती घेतले. पैसा उभा करण्यासाठी त्याने एक विलक्षण युक्ती योजली. इमारत बांधण्यापूर्वीच तिच्यातील बसण्याच्या जागा विकावयास काढल्या! शंभर पौंड द्यावे आणि एक जागा ९९९ वर्षांपुरती आपली करून घ्यावी, असा हा व्यवहार होता. सुमारे तेराशे जागा अशा रीतीने विकल्या गेल्या, आणि त्या पैशाच्या बळावर २० मे १८६७ रोजी राणीच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. सभागृहाला आपल्या पतीचे नाव द्यावे, ही इच्छा राणीने त्याच समारंभात प्रकट केली.

आराखडा तयार करण्याचे काम फ्रान्सिस फोक ह्या लष्करी अभियंत्याकडे होते. दक्षिण फ्रान्समधील नीम आणि आर्ल ह्या गावी रोमन लोकांनी बांधलेल्या क्रीडागारांचे अवशेष आहेत. मध्यभागी लंबवर्तुळाकार मैदान, आणि त्याच्या सभोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली आसने, अशी त्यांची रचना असते. ह्या मधल्या मैदानात वाळू पसरलेली असे. वाळूला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच अशा जागेला 'अरीना' म्हणू लागले. हजारो लोकांना एकाच दृश्याकडे पाहता येईल अशी ह्याहून सोयीची रचना मनुष्याला अद्याप सापडलेली नाही. फोकने तीच रचना लंडनसाठी निवडली. तो १८६५ साली मरण पावला आणि हेन्री स्कॉट ह्या दुसऱ्या लष्करी अभियंत्याने काम पूर्ण केले.

परंतु रोमन क्रीडागार आणि लंडनचे सभागृह ह्यांत एक महत्त्वाचा भेद होता. रोमन क्रीडागारे उघडी होती. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून वर फार तर कनातीचे छत ओढले जाई. तेथील ललकाऱ्या आणि वाद्यांचे नाद वर आकाशात विरून जात. लंडनच्या पावसात आणि थंडीत उघडे सभागृह कसे चालावे? म्हणून त्यावर लोखंडाच्या कमानींचा आणि काचेचा घुमट चढविण्याचे ठरले. हा घुमट त्या काळच्या मानाने अजस्र होता. त्याचा लोखंडी सांगाडा प्रथम मँचेस्टर येथे जुळवून पाहिला, पुन्हा सुटा केला आणि मग लंडनला आणून वर चढविला. खालच्या आधाराच्या पाचरी काढून घेण्याची वेळ आली तेव्हा घुमट टिकेल की कोसळेल, ह्याची खात्री कोणालाच नव्हती. बाकीच्या कामगारांना बाहेर घालविण्यात आले आणि स्वखुशीने मागे राहिलेल्या थोड्या माणसांनी पाचरी ठोकून काढल्या. घुमट खाली आला, पण केवळ पाव इंचाहून किंचित अधिक. आणि तेथेच तो स्थिर झाला. तो आजही तेथेच आहे.

अभियंत्यांनी लोखंडाचा भार बिनचूक मोजला होता. ध्वनीचे गणित मात्र त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

२९ मार्च १८७१ रोजी उद्‌घाटन झाले. पतीच्या आठवणीने राणीचा कंठ दाटून आला, म्हणून तिच्या वतीने युवराज बोलावयास उभा राहिला. तो बोलू लागला मात्र, आणि सभागृहाच्या निरनिराळ्या भागांत बसलेल्या लोकांना त्याचा प्रत्येक शब्द दोन-दोनदा ऐकू येऊ लागला! एकदा त्याच्या मुखातून, आणि क्षणभराने वरून. जणू घुमटात बसलेला कोणी अदृश्य नकलाकार त्याला वेडावून दाखवीत होता.

असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. एखाद्या भिंतीवर आपटून तो परत येतो, तेव्हा मूळ ध्वनी आणि परतलेला ध्वनी ह्यांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाइतके अंतर पडले, तर आपल्या कानाला ते दोन वेगळे ध्वनी म्हणून जाणवतात. एवढ्या वेळात ध्वनी ३४ मीटर जातो. म्हणजे भिंत १७ मीटरांहून दूर असली की प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. लहान खोलीत भिंती जवळ असतात. तेथे परतलेला ध्वनी मूळ ध्वनीतच मिसळून जातो आणि उलट त्याला भरदारपणा आणतो. अल्बर्ट हॉलचा घुमट जमिनीपासून सुमारे ४१ मीटर उंच आहे. शब्दाला वर जाऊन खाली येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात वक्ता पुढच्या अक्षरावर गेलेला असतो, आणि मागचे अक्षर येऊन त्याच्यावर आदळते.

दुसरी अडचण आकाराची होती. घुमट आतून अंतर्गोल असतो. अंतर्गोल आरसा ज्याप्रमाणे सूर्याचे किरण एका बिंदूपाशी गोळा करतो, त्याचप्रमाणे अंतर्गोल पृष्ठभाग ध्वनिलहरी गोळा करून एखाद्याच जागी पाठवितो. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको. तेथे घुमटाच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी हळूच कुजबुजले, तर पलीकडच्या बाजूला कान लावलेल्या माणसाला ते ऐकू येते. टाळी वाजविली तर ती पुन्हा पुन्हा परत येते. सहलीला आलेल्या मुलांना ह्याची मोठी मौज वाटते. परंतु त्याच घुमटाखाली कोणी गवई ख्याल आळवू लागला, तर त्याच्या ताना एकमेकींत गुंतून त्यांचा गोंधळ होईल. जे कबरीवरच्या घुमटाला शोभते, ते गायनाच्या सभागृहाला शोभत नाही.

लंडनच्या कारभाऱ्यांनी घुमटाखाली जाड कापडाचे एक मोठे छत टांगले. कापड मऊ असते. ते ध्वनीचा काही अंश शोषून घेते. त्यामुळे त्रास थोडा उणावला, पण गेला नाही. वर्षे लोटली. इटलीचा वेर्दी आणि जर्मनीचा वाग्नर ह्यांच्यासारख्या थोर संगीतकारांनी येथे वाद्यवृंदाचे संचालन केले, आणि प्रतिध्वनी त्यांच्याही मागे लागलेलाच राहिला. इंग्लंडमध्ये एक विनोद रूढ झाला : आपली रचना दुसऱ्यांदा ऐकावयास मिळेल, अशी संगीतकाराला खात्रीची जागा एकच, ती म्हणजे अल्बर्ट हॉल!

ह्या रोगाचे मूळ कारण शोधून काढण्याचा मान मात्र अमेरिकेतील एका तरुण प्राध्यापकाकडे जातो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते. त्यात बोललेला शब्द कित्येक सेकंद घुमत राही आणि विद्यार्थ्यांना व्याख्यानातले काहीच कळत नसे. हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन ह्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर येऊन पडले. त्याच्याजवळ साधने ती काय? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि स्वतःचे कान. रात्री रस्त्यावरची रहदारी थांबली म्हणजे तो जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, नळी वाजवी आणि नाद किती वेळात विरतो ते मोजी. उजाडण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवी. रात्रीमागून रात्री असे केल्यावर त्याला एक साधा नियम गवसला. सभागृहाचे घनफळ जितके मोठे तितका नाद अधिक वेळ घुमतो. आणि आतील गाद्या, पडदे, माणसांचे कपडे ह्यांची ध्वनी शोषण्याची शक्ती जितकी मोठी तितका तो लवकर विरतो. हा नियम हाती धरून बॉस्टन येथे १९०० साली जे संगीतगृह उघडले, ते आजही जगातील सर्वांत सुस्वर सभागृहांत गणले जाते. त्याच्या घनफळाच्या चौपटीहून अधिक घनफळ अल्बर्ट हॉलचे आहे. एवढ्या पोकळीत नाद घुमत राहिला, ह्यात नवल नव्हते.

लंडनमध्येही एक सुस्वर सभागृह होते. १८९३ साली उघडलेल्या ह्या सभागृहाचे नाव क्वीन्स हॉल. तेथे १० ऑगस्ट १८९५ रोजी रॉबर्ट न्यूमन ह्या व्यवस्थापकाने एक नवी प्रथा सुरू केली. तोपर्यंत उत्तम संगीत ऐकणे ही श्रीमंतांची चैन होती. न्यूमनने मधल्या भागातील खुर्च्या काढून टाकल्या आणि उभे राहून ऐकणाऱ्यास फक्त एका शिलिंगात प्रवेश दिला. वाद्यवृंदाचे संचालन करण्यासाठी त्याने हेन्री वुड ह्या सव्वीस वर्षांच्या तरुणास निवडले. श्रोत्यांनी ऐकता ऐकता हिंडावे-फिरावे अशी मुभा असल्यामुळे ह्या मैफलींस 'प्रॉमिनेड', म्हणजे फेरफटक्याच्या मैफली, असे नाव पडले. लोक त्यांना लाडाने 'प्रॉम्स' म्हणतात. आरंभी लोकांच्या तोंडी असलेल्या सोप्या चीजा वाजवाव्या, हळूहळू अवघड आणि नव्या रचना त्यांच्या कानांवर घालाव्या, असे धोरण होते. वुडने ते जवळजवळ पन्नास वर्षे नेटाने चालविले. सामान्य माणसाला अभिजात संगीत कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना ह्याहून चोख उत्तर मिळणे कठीण.

मग महायुद्ध आले. १० मे १९४१ च्या दुपारी क्वीन्स हॉलमध्ये एक मैफल झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवावयाचेच आहे म्हणून अनेक वादक आपली वाद्ये तेथेच ठेवून घरी गेले. त्या रात्री शहरावर बॉम्बचा वर्षाव झाला. सकाळी वादक परत आले, तेव्हा उभ्या होत्या त्या केवळ जळक्या भिंती. ज्या वाद्यांवर माणसांनी जन्मभर हात बसविला होता, त्यांची राख झाली होती. ह्यानंतर वादकांसाठी आवाहन करण्यात आले आणि देशभरातून लोकांनी आपापल्या घरची वाद्ये पाठविली.

वुड त्या वेळी बहात्तर वर्षांचा होता. प्रॉम्स थांबविणे त्याला मान्य नव्हते. लंडनमध्ये तेवढे मोठे दुसरे सभागृह एकच होते, आणि तेथे शब्द दोनदा ऐकू येत. त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या. वादकांच्या पाठीमागे आणि डोक्यावर पडदी उभारून ध्वनी घुमटाकडे न जाता श्रोत्यांकडे वळावा, अशी तात्पुरती व्यवस्था करण्यात आली. जे स्थलांतर संकटामुळे झाले, तेच कायमचे ठरले.

आता प्रतिध्वनीचा बंदोबस्त करणे अपरिहार्य झाले. १९४९ साली जुने कापडी छत काढून घुमटाच्या आतील बाजूस पन्हळी ॲल्युमिनियमची छिद्रे असलेली तावदाने बसविण्यात आली. गुण आला, परंतु पुरता नाही. अखेर १९६९ साली फायबर-ग्लासच्या १३५ मोठाल्या तबकड्या घुमटाखाली टांगण्यात आल्या. खालून पाहिले असता त्या अवाढव्य अळंब्यांसारख्या दिसतात, आणि लोक त्यांना अळंब्याच म्हणतात. त्यांचे कार्य समजण्यास सोपे आहे. घुमटाचा पृष्ठभाग अंतर्गोल, तर तबकड्यांचा खालचा पृष्ठभाग बहिर्गोल. एक ध्वनी गोळा करतो, दुसरा तो विखुरतो. वर जाणारा नाद घुमटापर्यंत पोचण्याआधीच तबकड्यांवर आपटतो आणि चारी दिशांना पांगतो. त्यामुळे तो एका ठिकाणी गोळा होऊन उशिराने परतत नाही. २००१ साली त्यांची फेरमांडणी केल्यावर ८५ पुरेशा आहेत असे दिसून आले. इतक्या जुन्या दुखण्यावर इतके साधे औषध निघावे, ह्याची गंमत वाटते. पण आधी रोगाचे निदान व्हावे लागते.

अर्थात ही वास्तू केवळ संगीतासाठी नाही. मधले मैदान मोकळे करता येत असल्यामुळे तेथे काय काय झाले ह्याची गणती नाही. १९०९ साली ह्या मैदानात धावपटूंनी गोल गोल फेऱ्या घालून मॅरेथॉन शर्यत पुरी केली. १९३३ साली देशोधडीस लागलेल्या विद्वानांना साहाय्य मिळावे म्हणून आइन्स्टाइनने येथे भाषण केले. १९९१ साली जपानी सुमो मल्लांचे दंगल येथे झाले, आणि त्यासाठी मातीचा आखाडा घालण्यात आला. मुष्टियुद्ध, टेनिस, सर्कस, पदवीदान, सारेच येथे होते. वर्षाकाठी तीनशेहून अधिक कार्यक्रम होतात. एका रात्री आखाडा, तर थोड्याच दिवसांत त्याच जागी वाद्यवृंद! मध्यरात्री एक जथा सामान काढीत असतो आणि पहाट होण्यापूर्वी दुसरा ते मांडीत असतो. श्रोत्यांना ह्या माणसांचे दर्शनही घडत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्या सभागृहाच्या इतिहासातील एक साल विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७४ साली लता मंगेशकर ह्यांचे गायन येथे झाले. सुप्रसिद्ध अभिनेते दिलीपकुमार ह्यांनी श्रोत्यांना त्यांचा परिचय करून दिला. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ ह्यांनी 'बळवंत संगीत मंडळी'च्या नाटकांतून रंगभूमी गाजविली, तेव्हा ध्वनिवर्धक यंत्रे प्रचारात नव्हती. गायकनटाने स्वतःच्या छातीच्या बळावर पिटातल्या अखेरच्या बाकापर्यंत सूर पोचवावयाचा, अशी त्या पिढीची परीक्षा होती. कन्येपुढे ध्वनिवर्धक होता हे खरे. पण यंत्र आवाज मोठा करते, तो निर्मळ करीत नाही. उलट घुमटाखाली मोठा केलेला आवाज अधिकच घुमतो. तबकड्या टांगून पाचच वर्षे झाली होती. लताबाईंचा तो बारीक, रेशमी सूर त्या अफाट पोकळीत मावळला नाही. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि ज्यांना लंडनला जाणे कधीच शक्य नव्हते, त्यांच्या घरी त्या पोचल्या.

शंभर पौंडांना विकलेल्या त्या जागांचे पुढे काय झाले? ९९९ वर्षांचा करार अद्याप चालू आहे. सभागृहातील जवळजवळ चौथा हिस्सा आजही खासगी मालकांकडे आहे. ह्या जागा वारसाहक्काने चालत येतात, विकल्या जातात, आणि त्यांची किंमत मूळच्या कित्येक शेकडो पटींनी वाढली आहे. मालकाला न जाता आपले तिकीट चढ्या भावाने विकता येते. हे योग्य की अयोग्य, ह्याचा वाद तेथील पार्लमेंटपर्यंत गेलेला आहे. हेन्री कोलने त्या जागा विकल्या नसत्या तर इमारत झाली नसती, हेही विसरून चालत नाही.

उभ्याने ऐकणाऱ्यांची प्रथाही तशीच चालू आहे. मधल्या मैदानात, वादकांच्या अगदी पुढ्यात, जेथे इतर सभागृहांत सर्वांत महाग खुर्च्या असतात, तेथे प्रॉम्सच्या दिवसांत सर्वांत स्वस्त तिकिटाचे श्रोते उभे असतात. ज्यांना तेथे जागा मिळत नाही ते सर्वांत वरच्या सज्जात, तबकड्यांच्या जवळ, कठड्याला टेकून उभे राहतात किंवा जमिनीवर बसतात. वादकांपासून ते इतके दूर असतात की व्हायोलिन धरलेले हात त्यांना ठिपक्यांएवढे दिसतात. परंतु ते हात हलले की त्यांच्या कानी सूर एकदाच येतो.

हेन्री वुड १९४४ साली वारला. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून त्याचा एक अर्धपुतळा सुरक्षित मिळाला होता. प्रॉम्स सुरू झाल्या की तो आणून वाद्यवृंदाच्या मागे, ऑर्गनच्या नळ्यांपुढे ठेवतात. शेवटच्या रात्री त्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट चढविला जातो, आणि तो चढविण्याचा मान उभे राहून ऐकणाऱ्यांचा असतो.